चेंडू मोच्याकडे होता त्या दिवशी

“मग बघायचं तरी काय, सर?” हेमराजने विचारलं. आपला आवाज चढला हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

भुयार सरांनी मान वर केली नाही. ते झारीने मैदानावर पाणी शिंपत होते.

“उंची बघू नको म्हणता. उडी बघू नको म्हणता. नेमही बघू नको म्हणता. मग उरलं काय?”

“बाजूले हो,” सर म्हणाले. “तुझ्या बुटाखाली कोरडं राहून राह्यलं.”

हेमराज बाजूला झाला. त्याचे बूट पांढरेशुभ्र आणि नवेकोरे होते. ओल्या मुरमाने त्यांची पार रया गेली होती, पण सरांच्या मैदानावर चिखलाची तक्रार करायची नाही एवढं त्याला अजून आठवत होतं.

परतवाड्याच्या लाकूड डेपोंच्या मागे हे बास्केटबॉलचं मैदान होतं. दोन टोकांना दोन लोखंडी खांब आणि त्यांवर सागवानी फळ्यांचे बोर्ड. एका डेपोवाल्याने ते कधीकाळी फुकट दिले होते, आणि आपण ते दिले हे मरेपर्यंत गावाला ऐकवलं होतं. बोर्ड अजून शाबूत होते. रिंगांच्या जाळ्या मात्र केव्हाच विरून गेल्या होत्या.

आता इथे कुणी फारसं खेळत नव्हतं. गावातल्या पोरांना दिव्यांचं, हिरव्या गालिच्याचं नवं मैदान मिळालं होतं. तरी ऐंशी ओलांडलेले भुयार सर रोज दुपार कलली की झारी घेऊन येत आणि पाणी मारत. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, मुरूम उडते. तो उडवायला पोरंच नव्हती ही गोष्ट वेगळी.

पाणी पडलं तसा मुरमाचा वास उठला. हेमराजने तो छातीभर ओढून घेतला. हा वास पुण्यातल्या लाकडी कोर्टावर कधीच येत नाही. तिथे फरशी पुसायच्या औषधाचा वास येतो.

हेमराज टेकाडे म्हणजे आता मोठं नाव होतं. तो बास्केटबॉलच्या एका व्यावसायिक संघाचा मुख्य निवडकार होता. टीव्हीवर बोलायचा. त्याला ऐकून तरुण पोरं वहीत टिपणं काढायची.

आणि तो आज इथे आला होता, कारण शनिवारी ड्राफ्ट होता.

लीगचे सगळे संघ वर्षातून एकदा एका हॉलात बसतात आणि नव्या, आणि आधीच्या संघाने सोडून दिलेल्याही, खेळाडूंना आळीपाळीने उचलतात, तो हा ड्राफ्ट. ज्यांची नावं आधीच पेपरात आलेली असतात ते पहिल्या फेरीत जातात. त्यांना निवडायला अक्कल लागत नाही, फक्त आपला नंबर लवकर यावा लागतो. दुसऱ्या फेरीत उरतात ती बाकीची पोरं. कुणी दोन बोटं बुटका, कुणाचा डावा हात नावापुरता, कुणाचा गुडघा एकदा उघडून शिवलेला. त्या ढिगातून एक उचलायचा आणि तो सोनं निघेल अशी आशा करायची.

मागच्या वर्षी हेमराजने उचललेला सोनं निघाला नव्हता.

“टेकाडे,” संघाचे मालक म्हणाले होते, “यंदा दुसऱ्या फेरीचं नाव तुम्ही एकट्याने द्यायचं. पण मागच्यासारखं झालं, तर तुमच्या खुर्चीत दुसरा कुणीतरी बसेल.”

मालक हसत हसत बोलले होते. म्हणूनच हेमराजला नीट झोप लागत नव्हती.

बायकोला त्याने सांगितलं, सरांचं दर्शन घेऊन येतो. ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं.

सरांनी झारी पालथी करून शेवटचे थेंब झटकले आणि कडुनिंबाखालच्या ओट्यावर येऊन बसले. गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी अजून तशीच होती.

“दाखव,” ते म्हणाले. “काय आनलं तं दाखव.”

हेमराजने लॅपटॉप उघडला.

“हा पहिला. लुधियान्याचा आहे. सहा फूट आठ इंच. ही उडी बघा, सर.”

सरांनी चष्मा चढवला. पडद्याजवळ तोंड नेलं. आणि उजव्या हाताचा अंगठा पडद्यावरच्या चेंडूवर ठेवला.

चेंडू डावीकडे गेला, अंगठा डावीकडे गेला. चेंडू वर गेला, अंगठा वर गेला.

“सर, बोट काढा ना. चेंडू दिसत नाही.”

“मले बॉल पाहाचा नाई. बॉल मी लय पाह्यला.”

“मग काय बघताय?”

“पोट्टा पाहून राह्यलो.”

अंगठा फिरत राहिला. पडद्यावर तो उंच मुलगा उड्या मारत होता, रिंगला लोंबकळत होता, छाती ठोकत होता. चेंडू झाकल्यावर ते सगळं जरा विचित्रच दिसत होतं. लग्नात बँड बंद पडल्यावरही नाचत राहिलेल्या माणसासारखं.

“ह्याच्या हातात बॉल नसते तवा हा काय करते?” सरांनी विचारलं.

“ते ह्यात नाही, सर.”

“काहून?”

“ही क्लिप आहे. ह्यात चांगलं चांगलंच ठेवतात.”

“आन् हुकलेले?”

“ते कापतात.”

“हं…” सरांनी अंगठा उचलला. “मंग हे पोट्टं कधी हुकलंच नाई.”

हेमराजने घाईघाईने दुसरी क्लिप लावली. हा कोट्टायमचा नेमबाज होता. लांबून एकामागून एक चेंडू रिंगमध्ये टाकत होता. सरांचा अंगठा पुन्हा चेंडूवर गेला.



“हा त त्या पयल्याचाच भाऊ दिसते,” सर म्हणाले.

“सर, दोघांची चणसुद्धा सारखी नाही!”

“तो बी उभा, हा बी उभा. बॉल येईन म्हनून दोघंबी उभे.”

हेमराजने लॅपटॉप बंद केला. तो जरा जोरातच बंद झाला. इतक्या लांबून गाडी हाकत आलो ते हे ऐकायला, असं त्याला वाटलं आणि रागही आला. सर म्हातारे झाले, खेळ पुढे गेला, असंही वाटलं. आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचाच पुन्हा राग आला.

“मग तुम्ही मला कसं निवडलं होतं, सर?” तो म्हणाला. “तेव्हा कुठे क्लिपा होत्या?”

सर हसले. त्यांच्या तोंडात दात कमी उरले होते, त्यामुळे ते हसणं लहान मुलासारखं झालं.

“क्लिपा कायच्या? त्या दिवशी त बॉलबी नव्हता.”

“बॉल नव्हता?”

“मोच्याकडं होता.”

… आणि हेमराजला एकदम सगळं आठवलं.

सरांच्या क्लबाकडे एकच चेंडू होता. चामड्याचा, जाड शिवणीचा. सर त्याला एरंडेल तेल चोळायचे आणि तो चेंडू पोटच्या पोरासारखा जपायचे. तरी मुरमावर आपटून आपटून त्याची शिवण उसवायचीच. मग तो बसस्टँडजवळच्या मोच्याकडे जायचा. मोची आधी गिऱ्हाइकांच्या चपला शिवायचा आणि वेळ उरला तर चेंडू. म्हणजे चेंडू उसवला की पोरांना सुट्टी.

असं पोरांना वाटायचं.

त्या दिवशी बारा जणांचा विभागीय संघ निवडायचा होता आणि नेमका सकाळी चेंडू उसवला. सगळी पोरं खूश झाली. चड्ड्या झटकत घरी निघाली, तेवढ्यात शिट्टी वाजली.

“कुठं चालले बे?” सर गरजले होते. “बॉल मोच्याकडं गेला हाय. खेळ नाई गेला.”

आणि त्यांनी पोरांना चेंडूशिवाय खेळायला लावलं.

दोन संघ पाडले. शिट्टी वाजली आणि सर्वांनी नसलेल्या चेंडूमागे धावायला सुरुवात केली. चेंडू आपटताना तोंडाने ठप ठप असा आवाज करायचा, हा नियम होता. पास देताना ज्याला द्यायचा त्याचं नाव घ्यायचं. बाकी सगळं खऱ्यासारखं.

रस्त्यावर लाकडाचे ट्रक थांबले. एका ड्रायव्हरने खाली उतरून चहावाल्याला विचारलं, ह्या पोरांना काय झालंय? चहावाला म्हणाला, काही नाही, मास्तरला झालंय.

आता, इतक्या वर्षांनी, कडुनिंबाखाली हेमराज हसायला लागला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं. पुण्याला जाऊन घासूनपुसून लखलखीत केलेली त्याची भाषाही बघता बघता सैल झाली.

“आन् तो गज्या, सर! पायावर बॉल पडला म्हणून लंगडत होता! बॉल नव्हताच अन् हा लंगडत होता!”

“दोन दिवस लंगडला,” सर म्हणाले. “आईनं हयद लावून देल्ली त्याले.”

दोघंही हसले. खूप दिवसांनी हेमराज असा मोकळा हसला होता.

“कुठे असतो गज्या आता?”

“गेला. मांगच्या पावसाळ्यात.”

“काय झालं होतं?”

“दवाखान्यात पाहाले गेलतो. मले म्हने, सर, बॉल शिवून आला का?”

 समोरच्या बोर्डावर एक साळुंकी बसली होती. ती उडून गेली तरी हेमराज तिकडेच बघत राहिला. आपण इतकी वर्षं इकडे फिरकलोच नाही, ही गोष्ट त्याला आता पहिल्यांदा बोचली.

“संध्याकाळी तुम्ही नावं वाचली होती,” तो हळूच म्हणाला. “अकरा झाली. मी मनात म्हटलं, गेलं. आणि मग बारावं माझं नाव आलं. घरापर्यंत पळत गेलो होतो मी.”

“अकरा त कोनीबी निवडते,” सर म्हणाले. “अकरा दिसतातच. बाराव्याले डोकं खाजवा लागते.”

“मी अजून मुलाखतीत सांगतो, सर. भुयार सरांनी माझी उडी बघून मला घेतलं.”

“तुझी उडी?”

“हो.”

सरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करतोय की खरंच बोलतोय, ते पाहिलं.

“लेका, तुझ्या उडीनं मुरूमबी उडत नव्हता.”

हेमराजचा चेहरा पडला. पन्नाशीच्या माणसाचा चेहरा असा पडू नये, पण पडला. कारण ती उडी त्याने आयुष्यभर जपली होती. कठीण दिवसांत त्याने स्वतःला हेच सांगितलं होतं, की सरांना माझ्यात काहीतरी दिसलं होतं, ती उडी दिसली होती.

“मग काय बघून घेतलं?”

सर उठले. गुडघ्यावर हात ठेवून, जरा कण्हून उठले. चालत रिंगच्या पुढे गेले आणि शिट्टी तोंडात धरली.

“ये. उभा राह्य.”

“आत्ता? सर, माझे हे बूट…”

शिट्टी वाजली.

हेमराजचे पाय आपोआप निघाले. डोक्याला विचारायला पायांना वेळच मिळाला नाही.

सर वाकले. जमिनीवरून दोन्ही हातांनी तिथे नसलेलं काहीतरी उचललं, छातीशी धरलं, आणि जोरात त्याच्याकडे फेकलं.

हेमराजचे हात वर आले. त्याने ते धरलं. हसू येत होतं, पण त्याने धरलं. तोंडाने दोनदा ठप ठप केलं. मग गुडघ्यात वाकून, मनगट झटकून रिंगकडे फेकलं.

हात हवेत तसाच राहिला.

“गेला?” सरांनी विचारलं.

“गेला, सर!” हेमराज म्हणाला. त्याला खरोखर आनंद झाला होता.

सर त्याच्याकडे बघत राहिले…

“बरं,” ते म्हणाले, आणि ओट्यावर येऊन बसले.

हेमराजही येऊन बसला. आपलं काहीतरी चुकलं हे त्याला कळलं, पण काय ते कळेना.

“त्या दिवशी,” सर म्हणाले, “पोट्ट्यांनी मोप बॉल मारले. सारे गेले. अर्ध्या मैदानातून मारले तेबी गेले. गज्यानं पाठमोरा मारला, तोबी गेला. नसलेला बॉल कोनाचा हुकते?”

“कुणाचाच नाही.”

“एकाचा हुकला.”

हेमराजने वर बघितलं.

“गुन बराबर झाले होते. शेवटचा बॉल होता. तू रिंगखाली एकटा. मारला. तुह्या बाजूचे सारे नाचाले लागले, गेला गेला म्हनून. आन् तू रिंगकडं पाहत उभा. अन् म्हनला…”

“हुकला,” हेमराज म्हणाला.

त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. तो आपला मूर्खपणा होता असं समजून त्याने तो कुठेतरी खोल पुरून टाकला होता. त्या दिवशी पोरांनी त्याला काय काय शिव्या घातल्या होत्या! गज्या तर गचांडी धरून म्हणाला होता, अबे, जो दिसतच नाई तो हुकला कसा?

“तो हातातून सुटतानाच वाकडा सुटला होता, सर,” हेमराज म्हणाला. “मला बोटांत कळलं होतं. गेला म्हणवेना.”

“हं.”

“एवढ्यासाठी घेतलं मला?”

“हुकल्यावर काय केलं तू?” सरांनी विचारलं.

“काय केलं?”

“आठव.”

हेमराजने आठवून बघितलं. शिव्या आठवल्या, गज्याची मूठ आठवली, ट्रकवाल्याचं हसणं आठवलं. पुढचं काही आठवेना.

“नाही आठवत, सर.”

सरांनी सांगितलं नाही. खिशातून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

“मांगच्या साली कोन उचलला होता?” त्यांनी सहज विचारलं.

हेमराजच्या तोंडात फोड तशीच राहिली.

“होता एक. मसराम. सोहन मसराम. पांढरकवड्याकडचा.”

“मंग?”

“जमलं नाही त्याचं.”

“कोनाचं?”

“…मसरामचं, सर.”

सर संत्र्याच्या बिया तळहातावर काढत राहिले. मग हेमराजलाच पुढचं सांगावं लागलं.

सोहन मसराम नेमबाज नव्हताच. त्याचा खेळच वेगळा होता. बास्केटबॉलमध्ये कुणाचा नेम हुकला की चेंडू रिंगवर आपटून परत येतो. तो गर्दीतून उसळून हवेतच पकडायचा, त्याला रिबाऊंड म्हणतात. त्याला टाळ्या पडत नाहीत आणि त्याच्या क्लिपा कुणी करत नाही. पण सोहनला चेंडू कुठे पडणार ते आधीच कळायचं. दुसरे वर बघत असायचे तेव्हा हा तिथे जाऊन पोचलेला असायचा. हेमराजने ते पाहिलं होतं. तेच पाहून त्याला उचललं होतं.

पण मालकांपुढे नाव ठेवताना त्याची जीभ अडखळली. हुकलेले चेंडू पकडणारा पोरगा, असं कसं सांगायचं? ते विकलं जात नाही. म्हणून तो म्हणून गेला, साहेब, नेमबाज आहे, फार लांबून मारतो.

मग प्रशिक्षकाने सोहनला लांबच उभं केलं, रिंगपासून पार दूर. तिथून सोहन मारत राहिला आणि हुकत राहिला. लोकांनी हुर्यो केली. मोसम संपल्यावर मालकांनी विचारलं, हे असं का झालं? तेव्हा हेमराजने अहवालात लिहिलं, खेळाडूत जिद्द नाही.

संघाने सोहनला सोडून दिलं, आणि ते वाक्य सगळ्या संघांपर्यंत पोचलं. अशी वाक्यं पोचतातच.

“आता काय करते तो?”

“एका शाळेत मुलांना खेळवतो म्हणे. रोजंदारीवर.”

“ह्या साली नाव हाय त्याचं?”

“आहे. शेवटचं वर्ष. यंदा कुणी उचललं नाही तर वयातून बाद.”

“उचलन कोनी?”

“नाही उचलणार, सर.”

“काहून?”

 काहून ते हेमराजला पक्कं माहीत होतं. ते त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

“मंग तू दोनच पोट्टे काहून आनले दाखवाले?” सर म्हणाले. “तिसऱ्याले गाडीतच ठेवला?”

डेपोतून करवतीचा आवाज येत होता. तो थांबला. 

“सर, त्याला पुन्हा घ्यायचं म्हणजे मालकांपुढे उभं राहून सांगावं लागेल. पोरगा बरोबर होता, मी चुकलो. मग विचारतील, अहवाल कुणी लिहिला? माझी खुर्ची जाईल.”

“खुर्ची जाईन,” सर म्हणाले.

एवढं सरळ उत्तर हेमराजला अपेक्षित नव्हतं. काहीतरी समजुतीचं बोलतील असं त्याला वाटलं होतं.

“म्हणून म्हणतो, सर,” तो काकुळतीला आला, “ह्या दोघांपैकी एक सांगा. कुठलाही. भुयार सरांनी नाव दिलंय म्हटलं, की तिथे कुणी चकार शब्द काढणार नाही. आणि उद्या काही कमीजास्त झालं…”

वाक्य अर्धंच राहिलं. बाकीचं अर्धं दोघांनाही ऐकू आलं होतं.

“म्हंजे हुकला त तो माहा,” सर म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. हेमराजची मान खाली गेली. तो दर्शनाला आला नव्हता. खापर फोडायला डोकं शोधत आला होता, आणि तेही ह्या माणसाचं डोकं. त्याला इतकी लाज वाटली की संत्र्याची उरलेली फोड त्याने तशीच मुठीत धरून ठेवली.

ऊन उतरलं होतं. बोर्डाची सावली लांबत ओट्यापर्यंत आली होती. एकेकाळी ही सावली इथवर आली की सर म्हणायचे, शेवटचे पाच मिनिटं. आणि त्या पाच मिनिटांत पोरं दिवसभर खेळली नसतील असं खेळायची. घरी जाऊच नये असं वाटायचं. हेमराजला आत्ताही तसंच वाटलं. घरी जाऊ नये, पुण्याला जाऊ नये, शनिवार येऊच नये. इथे पाणी मारत बसावं.

“शेवटचे पाच मिनिटं,” सर म्हणाले.

ते उठले होते.

“सर, राहू द्या.”

शिट्टी वाजली. म्हाताऱ्या फुप्फुसांची शिट्टी, अर्धी हवा, अर्धा आवाज. पण हेमराज उभा राहिला.

सर वाकले. उचललं. छातीशी धरलं. फेकलं.

ह्या वेळी हेमराज हसला नाही. त्याने दोन्ही हातांनी धरलं, आणि त्याला ते जड लागलं. शिवण बोटांना लागली. एरंडेलाचा वास आला. त्याने तोंडाने ठप ठप केलं नाही.

तो रिंगकडे बघत राहिला. जाळी नसलेलं ते गंजकं लोखंडी कडं. त्याच्या आरपार आभाळ दिसत होतं.

तो वाकला. मारलं.

बोटांत कळलं.

“गेला?” सरांनी विचारलं.

हेमराज तसाच उभा होता. हात हवेत होता. त्याला सोहनचा चेहरा दिसला, रिंगपासून पार दूर उभा केलेला, घामाघूम, प्रेक्षकांची हुर्यो ऐकत असलेला. तो हुकलेला नेम सोहनचा नव्हता. तो कुणाचा होता ते हेमराजला आत्ता लख्ख दिसत होतं.  

सर थांबले होते. त्यांना कसलीच घाई नव्हती.

“हुकला, सर,” हेमराज म्हणाला.

“मंग उभा काहून हाय बे?” भुयार सर ओरडले. “त्या दिवशी धावला तसा धाव! रिबाऊंड कोन घेईन?”